फडताळ, शोकेस आणि पांढरी भिंत

साहित्याच्या अभ्यासकाने घरातील फर्निचरविषयी मतप्रदर्शन करावे, हे अनेकांना विषयांतर वाटण्याचा संभव आहे. गृहसजावट हा वृत्तपत्रांच्या गुळगुळीत पुरवण्यांचा आणि प्रदर्शनातील दालनांचा विषय, तर कविता-कादंबरी हा आपला, अशी वाटणी आपण मनोमन करून टाकलेली असते. साहित्याच्या इतिहासाला मात्र ही वाटणी मान्य नाही. एडगर ॲलन पोने १८४० मध्ये 'फर्निचरचे तत्त्वज्ञान' अशा अर्थाच्या शीर्षकाचा एक निबंध लिहून आपल्या देशबांधवांच्या झगमगत्या दिवाणखान्यांची टर उडवली होती. किंमत म्हणजेच अभिरुची असे मानणाऱ्या नवश्रीमंतांवर त्याचा रोख होता. ईडिथ व्हार्टनने कादंबरीकार म्हणून नावारूपाला येण्याआधी, १८९७ मध्ये, ऑग्डन कॉडमन या वास्तुरचनाकाराच्या साथीने घरांच्या सजावटीवर एक सबंध ग्रंथ लिहिला. आणि बाल्झाकच्या 'पेर गोरियो'तील (१८३५) व्होकेर बाईंच्या खाणावळीचे वर्णन ज्याने वाचले आहे, त्याला वास्तववादी कादंबरीचा जन्म काही अंशी टेबल-खुर्च्यांच्या यादीतून झाला, हे वेगळे सांगावे लागत नाही. त्या कुबट वासात, चिकट मेणकापडात आणि मोडक्या खुर्च्यांत बाल्झाकला मालकीणबाईंचे सारे चरित्र दिसते. घर समजले की माणूस समजतो, हे गृहीतक घेऊन कादंबरी पुढे शतकभर चालली.

प्रश्न असा, की आज आपली घरे ज्या रीतीने सजवली जात आहेत, त्यांतून माणूस समजतो का? माझे उत्तर नकारार्थी आहे. ते केवळ आवडीनिवडीच्या मतभेदातून आलेले नाही, म्हणूनच त्याचा थोडा विस्तार करणे आवश्यक वाटते.

मराठी मध्यमवर्गीय घराच्या गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांच्या वाटचालीचे, स्थूलमानाने, तीन टप्पे पाडता येतील आणि प्रत्येक टप्प्याला एकेक प्रातिनिधिक वस्तू देता येईल. पहिली फडताळ, दुसरी शोकेस आणि तिसरी आजची सपाट पांढरी भिंत, जिच्यात कपाट असते पण कपाटाची मूठ नसते. या तीन वस्तू तीन क्रियापदे सुचवतात : ठेवणे, दाखवणे आणि लपवणे. घराचा वस्तूंशी, आणि वस्तूंच्या मार्गाने माणसांशी, असणारा संबंध या तीन क्रियापदांत कसा बदलत गेला, हे पाहण्याजोगे आहे.

फडताळ हे जाड भिंतींच्या घराचे अपत्य. मातीची वा दगडविटांची दीड-दोन हात रुंदीची भिंत असल्याशिवाय तिच्या पोटात कपाट करता येत नाही. त्याच भिंतीत कोनाडा, दिव्यापुरती देवळी आणि लाकडाची खुंटी; जमिनीवर पाट, चौरंग आणि घडवंची; कोपऱ्यात मडक्यांची उतरंड. या शब्दांत एक गोष्ट ध्यानात येते, की त्यांतल्या बऱ्याच वस्तू घरातून हलवता येत नाहीत. कोनाडा बाजारातून आणता येत नाही आणि घर सोडताना बरोबर नेताही येत नाही. फर्निचर ही घराहून वेगळी, खरेदी करण्याची बाब आहे ही कल्पनाच या व्यवस्थेत जवळजवळ नव्हती. आपली भाषाही तसेच सांगते. 'खण' म्हणजे दोन तुळयांमधले अंतर, ज्यावर घराचे माप ठरे; 'खण' म्हणजे पेटीतला वा टेबलाचा कप्पा; आणि 'खण' म्हणजे ओटीत घातले जाणारे चोळीचे कापड. घर, सामान आणि वस्त्र या तिन्हींना एकच शब्द पुरत होता. उलट 'कपाट' हा संस्कृतात दाराच्या फळीचा वाचक. मराठीत तो दार सोडून दारामागच्या पोकळीला चिकटला. फारसीतून आलेला 'दिवाण' तर कुठल्या कुठे पोहोचला : राज्याचा कारभारी, कवीच्या काव्याचा संग्रह आणि शेवटी पाहुण्यांना टेकायला दिवाणखान्यात ठेवलेला पलंग. फर्निचरचा इतिहास कोशात असा विखुरलेला असतो.

या घराविषयी हळवे होण्याचे मात्र कारण नाही. ओसरीवर कोण बसणार, माजघरात कोण जाणार आणि उंबरठ्याबाहेर कोण उभे राहणार, हे त्या घराच्या रचनेतच गोठवलेले होते. पाट कोणासाठी मांडायचा आणि कोणाला पडवीतही जागा द्यायची नाही, हा सजावटीचा नव्हे, जातीचा प्रश्न होता. चुलीपुढे धुरात बसून राबणाऱ्या बाईच्या दृष्टीने फडताळाचे काव्य काय असेल, हेही विचारायला हवे. महेश एलकुंचवारांच्या १९८५ साली रंगमंचावर आलेल्या 'वाडा चिरेबंदी'ने वाड्याचे वैभव आणि त्याचे ओझे या दोन्ही गोष्टी एकाच वेळी दाखवल्या, म्हणून ते नाटक केवळ गतकाळाचा विलाप ठरले नाही. तेव्हा जुने चांगले आणि नवे वाईट, असा माझा युक्तिवाद नाही. फडताळाच्या घरातील वस्तू वापरासाठी ठेवलेल्या होत्या आणि वापरामुळे त्यांच्यावर माणसाची खूण उमटत होती, एवढेच माझे म्हणणे आहे.

दुसरा टप्पा फ्लॅटचा. मुंबई-पुण्यात सहकारी गृहरचना संस्था वाढल्या, १९६३ मध्ये महाराष्ट्रात मालकीच्या सदनिकांविषयीचा कायदा आला आणि घराच्या भिंती विटेच्या जाडीइतक्या झाल्या. भिंतीच्या पोटात काही ठेवता येईना, म्हणून कपाट भिंतीबाहेर आले. त्यातले एक लोखंडी. गोदरेजने १९२३ मध्ये पोलादी कपाटे करायला सुरुवात केली, आणि पुढे मराठी घरात 'गोदरेजचे कपाट' हे विशेषनाम सामान्यनामासारखे रुळले. प्लायवुडवरच्या चकचकीत पत्र्याला 'सनमायका' म्हणतात, तसेच. दुसरे कपाट काचेचे, म्हणजे शोकेस. तिच्यात कधीही न वापरलेला चहाचा सेट, मुलांनी मिळवलेले चषक, संगमरवरी ताजमहाल, लग्नात आलेली बाहुली आणि असलाच तर एखादा जाडजूड शब्दकोश. शोकेसची चेष्टा करणे फार सोपे आहे आणि ती पुष्कळ झालीही. तरीही मला ती वस्तू प्रामाणिक वाटते. पाहुण्यांनी आपल्याला काय समजावे, याविषयीची कुटुंबाची सारी महत्त्वाकांक्षा तिच्यात काचेआड मांडलेली असे. ती वाचता येत असे. मराठी व्यावसायिक रंगभूमीवर अनेक दशके पडदा उघडला की सोफासेट आणि त्याशेजारी टेलिफोन दिसे, तो केवळ नेपथ्यकारांचा आळस नव्हता. मध्यमवर्गाचे नाट्य त्याच खोलीत घडत होते, कारण दाखवण्याची आणि झाकण्याची ओढाताण तिथेच चालत होती.

आता तिसरा टप्पा. आजची प्रतिष्ठित गृहसजावट वर्णन करू जावे तर पहिली अडचण अशी येते, की वर्णन करण्यासारखे फारसे काही डोळ्यांना दिसत नाही. भिंती पांढऱ्या, राखी किंवा फिकट बदामी. छताखाली आणखी एक छत आणि त्यात दडवलेले दिवे. दारे भिंतीशी एकजीव, कपाटांना मुठी नाहीत. बोटाने दाबले की उघडतात आणि आवाज न करता मिटतात. पलंगाच्या पोटात गाद्या, सोफ्याच्या पोटात चादरी, आरशामागे औषधे. या साऱ्याला 'मिनिमलिझम' म्हणतात. त्यात थोडे जपान आणि थोडे स्कॅन्डिनेव्हिया मिसळले की 'जपांडी' होते. आयकिया या १९४३ साली स्थापन झालेल्या स्वीडिश कंपनीचे भारतातील पहिले दुकान २०१८ मध्ये हैदराबादला आणि दुसरे २०२० च्या डिसेंबरात नवी मुंबईत उघडले. पण ही अभिरुची दुकानांच्या आधीच मोबाइलच्या पडद्यावरून आपल्याकडे पोहोचलेली होती. ज्या जपानचे नाव या शैलीत घेतले जाते, त्या जपानच्या तानिझाकीने १९३३ मध्ये सावल्यांच्या स्तुतिपर लिहिलेल्या निबंधात मंद उजेडाचे आणि हाताळून हाताळून आलेल्या झिलईचे कौतुक केले होते. माणसांच्या हातांचा मळच वस्तूला खोली देतो, असे त्याचे म्हणणे. आपण जपानकडून आकार घेतला आणि मळ तेवढा वगळला.

या शैलीचे आद्य पुरस्कर्ते म्हणून ज्याचे नाव घेतात, त्या व्हिएन्नाच्या आडोल्फ लोसचा लेखाजोखाही गुंतागुंतीचा आहे. अलंकरण हा गुन्हा आहे, अशी घोषणा त्याने केली, आणि मागासलेपणाचे उदाहरण म्हणून अंग गोंदवून घेणाऱ्या पापुआ लोकांना पुढे केले. कपाळावर गोंदण असलेल्या आजीच्या नातवंडांनी पांढरी भिंत निवडताना हा तपशील ठाऊक असलेला बरा. ती भिंत वाटते तितकी निष्पाप नाही. पण याच लोसने १९०० साली एका गरीब श्रीमंत माणसाची उपरोधिक गोष्ट लिहिली आहे. हा गृहस्थ आपले घर एका कलावंत वास्तुरचनाकाराकडून सजवून घेतो. काडेपेटीसुद्धा कुठे ठेवायची ते ठरलेले असते. वाढदिवसाला घरच्यांनी दिलेल्या भेटी ठेवायला जागा उरत नाही आणि शयनगृहासाठी योजलेल्या सपाता दुसऱ्या खोलीत घातल्या म्हणून त्याला बोलणी खावी लागतात. त्याचे घर पूर्ण झालेले असते, आणि म्हणून त्याचे आयुष्यही संपलेले असते. घराचा ताबा घेताना सजावटकाराने दिलेली 'इथे खिळा ठोकू नका' ही सूचना ज्यांनी ऐकली आहे, त्यांना ही गोष्ट सव्वाशे वर्षे जुनी वाटणार नाही.

यावर एक रास्त आक्षेप घेतला जाईल. शहरातली घरे लहान आहेत. जागा वाचवली नाही तर माणसे राहणार कशी? साधेपणात वाईट ते काय? आक्षेपाचा पहिला भाग मला पूर्ण मान्य आहे. साडेतीनशे चौरस फुटांत राहणारे कुटुंब पलंगाच्या पोटात गाद्या ठेवते तेव्हा ते कोणत्याही शैलीचे अनुकरण करत नसते. दुसऱ्या भागाविषयी मात्र थोडे थांबून विचार करायला हवा, कारण वस्तू कमी असणे आणि वस्तू दिसत नसणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत.

पहिलीचा नमुना महाराष्ट्रातच आहे. सेवाग्रामच्या बापू कुटीत चटई, तक्क्या, बैठे मेज आणि अगदी मोजके सामान आहे, आणि जे आहे ते सारे डोळ्यांसमोर आहे. तिथे काही लपवलेले नाही, कारण लपवण्याजोगे काही साठवलेलेच नाही. इव्हान इलिचने १९७८ च्या जानेवारीत सेवाग्रामला दिलेल्या व्याख्यानात या कुटीविषयी बोलताना माणसाचे घर आणि सामान साठवण्याची जागा यांत भेद केला होता, तो या संदर्भात मोलाचा आहे. आजचा मिनिमलिझम याच्या नेमका उलट आहे. त्याला भरपूर वस्तू लागतात आणि त्या दिसू नयेत म्हणून आणखी कपाटे लागतात. शिवाय 'कमी' हा शब्द ज्याला अधिक परवडते त्याच्याच तोंडी शोभतो. दया पवारांच्या 'बलुतं'मध्ये (१९७८) मुंबईच्या कावाखान्यातले जे जग येते, तिथेही सामान थोडेच होते. त्याला कोणी शैली म्हटले नाही. रिकामी भिंत एका घरात दैन्य ठरते आणि दुसऱ्या घरात अभिरुची, तेव्हा फरक भिंतीत नसतो.

लपवण्याचे हे तत्त्व वस्तूंपाशी थांबत नाही. ते श्रमापर्यंत जाते, आणि माझ्या मते खरी चिंतेची बाब ही आहे. 'ओटा' या शब्दाचा प्रवास पाहावा. मुळात घराबाहेरचा, गप्पा मारत बसण्याचा ओटा. फ्लॅटमध्ये तो स्वयंपाकघरात गेला आणि त्याच्यापुढे बाई उभी राहिली. जमिनीवरून उठून उभे राहणे ही लहान गोष्ट नव्हती. स्वयंपाकघराच्या नव्या रचनेने बाईचे कष्ट निश्चित कमी केले. मार्गारेटे शुटे-लिहोत्स्की या वास्तुरचनाकार स्त्रीने १९२६ मध्ये फ्रँकफर्टच्या कामगारवस्त्यांसाठी केलेले साडेसहा चौरस मीटरचे स्वयंपाकघर हे आजच्या मॉड्युलर किचनचे पूर्वज मानले जाते. त्यामागे बाईची पावले मोजून तिचा वेळ वाचवण्याचा विचार होता. म्हणजे आरंभी श्रम हा रचनेचा विषय होता. आजच्या महागड्या सदनिकांत दोन स्वयंपाकघरे असतात : एक दिवाणखान्याला उघडे, देखणे, जिथे कॉफी होते, आणि त्यामागे दुसरे, दार लावता येणारे, जिथे फोडणी पडते, भांडी घासली जातात आणि घरकामाला येणारी बाई उभी असते. श्रम कमी करण्याचा हेतू श्रम दृष्टीआड करण्यात कधी बदलला, ते आपल्या ध्यानातही आले नाही. ओसरी-माजघराची जुनी विभागणी मोडल्याचा आनंद मानावा, तोच ती नव्या नावाने परत आलेली दिसते.

आता कोणी म्हणेल, की आजच्या घरांत जुन्या वस्तूंनाही स्थान आहे. आहेच. मुंबईच्या चोरबाजारातून वा जोगेश्वरी-ओशिवऱ्याच्या जुन्या फर्निचरच्या दुकानांतून आणलेला वाड्याचा दरवाजा काच टाकून जेवणाचे टेबल होतो, पितळी घंगाळ्यात झाड लावले जाते आणि जात्याची तळी कोपऱ्यातल्या दिव्याखाली ठेवली जाते. ज्या वस्तूने दळले तिला आता काही करायचे नाही, म्हणून ती सुंदर. याचे सर्वांत बोलके उदाहरण चंदीगढच्या खुर्चीचे. पिएर झानरे आणि त्याच्या सहकाऱ्यांनी पन्नासच्या दशकात नव्या राजधानीतील कचेऱ्या, ग्रंथालये, महाविद्यालये यांसाठी सागवान आणि वेताच्या साध्या खुर्च्या योजल्या. कारकून त्यांवर बसले, विद्यार्थी बसले. मोडल्यावर त्या भंगारात निघाल्या आणि परदेशी व्यापाऱ्यांनी त्या उचलून युरोप-अमेरिकेतील लिलावांत लाखांच्या भावाने विकल्या. २०११ मध्ये केंद्रीय गृहमंत्रालयाला त्यांच्या विक्री-निर्यातीला मनाई करावी लागली. आज त्याच खुर्चीच्या नकला मुंबई-पुण्यातील घरांत आणि कॉफीघरांत मिरवत आहेत. सरकारी खात्याचा अनुक्रमांक रंगवलेली खुर्ची लिलावात अधिक अस्सल मानली जाते, हे विशेष. वापराची खूण आपल्याला हवी आहे, परंतु ती दुसऱ्याच्या वापराची, आणि विकत मिळणारी.

पुस्तकांचे काय झाले, हे या नियतकालिकाच्या वाचकांना अधिक लागेल. आयकियाचे 'बिली' हे पुस्तकांचे कपाट १९७९ पासून बाजारात आहे; बिचारे पुस्तके ठेवण्यासाठीच जन्मले. सजावटीच्या छायाचित्रांत मात्र पुस्तके मुखपृष्ठाच्या रंगांनुसार लावलेली दिसतात, किंवा कणा भिंतीकडे करून, म्हणजे पानांचा फिकट रंग भिंतीच्या रंगाशी जुळावा. नाव वाचता येऊ नये अशा रीतीने मांडलेले पुस्तक, ही कल्पना कोणा विडंबनकाराला सुचली असती तर आपण ती अतिशयोक्त म्हणून नाकारली असती. २०२० च्या टाळेबंदीनंतर तर शोकेस वेगळ्याच मार्गाने परत आली. माणूस कॅमेऱ्यापुढे बसू लागला आणि त्याच्या पाठीमागची दोन-तीन हात भिंत तेवढी सजू लागली. जुनी शोकेस निदान घरच्यांनाही दिसत होती. ही नवी शोकेस घरात राहणाऱ्याच्या पाठीमागे असते.

वाल्टर बेन्यामिनने १९३५ च्या पॅरिसविषयक टिपणात, राहणे म्हणजे माग ठेवणे, अशा आशयाचे विधान केले आहे, आणि हेरकथेचा उगम त्याच खोल्यांत शोधला आहे. तिथे त्याने पोच्या फर्निचरवरील निबंधाचीही आठवण काढली आहे. अर्थात, बेन्यामिन मखमली खोल्यांचा चाहता नव्हता. त्याआधी दोन वर्षे त्याने काच-पोलादाच्या, माग न ठेवणाऱ्या खोल्यांचे काहीसे स्वागतच केले होते. बूर्ज्वा खोलीतल्या गुदमरण्यातून सुटका म्हणून. त्याची ती आशा फळाला आली नाही, असे आज म्हणावे लागते. माग पुसला गेला, पण मालकीची हाव पुसली गेली नाही.

ही अवस्था कादंबरीला आधीच कळली होती. जॉर्ज पेरेकच्या १९६५ मधील 'ले शोझ' (अर्थात 'वस्तू') या कादंबरीचे पहिले प्रकरण म्हणजे एका सदनिकेचे दीर्घ वर्णन आहे. त्यात माणूस नाही, आणि सारी क्रियापदे संकेतार्थी आहेत : अमुक असते तर, तमुक दिसले असते. झेरोम आणि सिल्वी हे बाजार-पाहणी करणारे तरुण जोडपे त्या संकेतार्थात जगते. आज बांधकाम व्यावसायिकाच्या नमुना-सदनिकेत पाऊल टाकले की आपण त्याच व्याकरणात शिरतो. तिथल्या फळांच्या टोपलीतली फळे खोटी असतात आणि पलंगावर कोणी झोपलेले नसते. फरक इतकाच, की पूर्वी माणूस नमुना पाहून घरी परतत असे. आता तो घराचाच नमुना करतो.

साहित्याच्या शिक्षकांना आणि विद्यार्थ्यांना याचा उपद्रव दोन बाजूंनी होणार आहे. एका बाजूला 'घडवंची', 'देवळी', 'फडताळ' हे शब्द जुन्या कथांतून समोर येतील तेव्हा त्यामागची वस्तू कोणी पाहिलेली नसेल. ही उणीव टिपांनी आणि वस्तुसंग्रहालयांनी काही प्रमाणात भरून निघेल. गोव्यात बाणावलीला 'गोवा चित्र'सारखे संग्रहालय उभे राहिले आहेच. दुसरी बाजू अधिक अवघड आहे. आजच्या खोलीचे वर्णन कथाकाराने करायचे तर कशाच्या आधाराने? वस्तूंची नावे म्हणजे कंपन्यांची नावे, रंग म्हणजे सूचीतला क्रमांक, आणि ज्यावर राहणाऱ्याचा स्वभाव उमटावा अशी एकही मूठ, एकही खण, एकही कोपरा उघडा नाही. सांप्रतच्या मराठी कथेत पात्रे खूप बोलतात आणि खोल्या मुक्या असतात, असे जे जाणवते, त्याचे एक कारण ही घरे असावीत, असे मला वाटते.

म्हणून शिक्षकांना एक सुचवावेसे वाटते. वर्णनात्मक लेखनाच्या तासाला विद्यार्थ्यांना निसर्गावर लिहायला सांगण्याऐवजी आपापल्या घरातील एका खोलीतल्या वस्तूंची यादी करायला सांगावी : प्रत्येक वस्तूला घरात कोणत्या नावाने हाक मारतात, ती कोण वापरते, कोण पुसते आणि ती कुठे लपवलेली असते. यादी पुरी झाली की त्या खोलीत कोणाचा श्रम आहे आणि कोणाचे नाव आहे, हे आपोआप पुढे येईल. आणि ज्यांना नवे घर सजवायचे आहे, त्यांनी पैसे मोजण्यापूर्वी सजावटकाराला एकच प्रश्न विचारावा. या भिंतीवर, दहा वर्षांनी, आमचे काय उमटलेले असेल? 'काहीच नाही, ती पुसता येते,' असे उत्तर आले, तर ती भिंत घ्यायची की नाही, ते ज्याचे त्याने ठरवावे. मी ती घेणार नाही.